जुन्या मोटारीचा ताळेबंद

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून पुन्हा दुकानावर गेलेली मंडळी गल्ला मोजून घरी परततात, तेव्हा निफाडच्या बाजारपेठेतील अनेक घरांत दूरचित्रवाणी संच सुरू झालेला असतो. बातम्या आणि मालिका यांच्या जोडीला अलीकडे एक वेगळाच प्रकार घरोघरी पाहिला जातो. जुनी, गंजलेली, कोणाच्या तरी अंगणात विसरलेली मोटार विकत घ्यायची, ती खोलायची, दुरुस्त करायची, रंगवायची आणि शेवटी झळझळीत होऊन ती गेटबाहेर पडताना दाखवायची, असा हा खेळ. मुलांना त्यातली यंत्रे आवडतात. वडीलधाऱ्यांना मात्र त्याचा शेवट आवडतो, कारण शेवटी हिशेब असतो.

या प्रकारातील सर्वांत परिचित कार्यक्रम म्हणजे 'व्हीलर डीलर्स'. २००३ साली इंग्लंडमध्ये तो सुरू झाला आणि डिस्कव्हरी समूहाच्या वाहिन्यांवरून जगभर गेला. माइक ब्रुअर हा त्यातील व्यापारी. तो गाडी हेरतो, मालकाशी घासाघीस करतो, हात पुढे करून सौदा पक्का करतो. एड चायना हा उंचापुरा कारागीर. नारिंगी हातमोजे घालून तो गाडीखाली शिरतो आणि एकेक भाग सोडवून तो कसा चालतो हे शांतपणे समजावून सांगतो. सुरुवातीच्या भागांत एक हजार पौंडांची मर्यादा होती, पुढे ती वाढत गेली. प्रत्येक भागाच्या अखेरीस खरेदीची किंमत, सुट्या भागांचा खर्च, रंगाचा खर्च आणि विक्रीची किंमत पडद्यावर येते. वजाबाकी होते आणि नफा जाहीर होतो. घासाघिशीची ती दृश्ये पाहताना लासलगावच्या लिलावात आयुष्य घालवलेल्या माणसाला परदेश फारसा परका वाटत नाही. विकणाऱ्याचा चेहरा वाचणे, उणीव बोटाने दाखवणे, गप्प राहून समोरच्याला बोलू देणे, या गोष्टी सगळीकडे सारख्याच.

परंतु ज्याने रोजमेळ आणि खतावणी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, त्याच्या नजरेला या हिशेबात एक रकाना रिकामा दिसतो. एड चायनाने गाडीखाली घालवलेले दिवस त्यात कुठेच धरलेले नाहीत. बाहेर दिलेल्या कामाचे पैसे लिहिले जातात, विकत आणलेल्या भागाची किंमत लिहिली जाते. पण कार्यशाळेतील मजुरी शून्य. कार्यक्रमाच्या रचनेतच ती गृहीत धरली आहे आणि तसे ते लपवलेलेही नाही. तरीही शंभर पौंडांचा नफा झाला म्हणून दोघे हस्तांदोलन करतात, तेव्हा तो नफा वस्तुतः एका माणसाच्या न मोजलेल्या श्रमाचा असतो, आणि पुष्कळदा त्या श्रमाच्या बाजारभावापेक्षा फार कमी असतो.

हा रकाना किती मोठा होता, हे पुढे कार्यक्रमाच्याच इतिहासातून उघड झाले. मार्च २०१७ मध्ये एड चायनाने तेरा पर्वांनंतर कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले. निर्मिती ज्या अमेरिकी वाहिनीकडे गेली होती, तिला कार्यशाळेतील तपशीलवार चित्रण फार अवघड वाटत होते आणि ते कमी करावे असा तिचा आग्रह होता, असे कारण त्याने दिले. खरेदी-विक्रीचे चित्रण सोपे, हाताच्या कामाचे चित्रण वेळखाऊ. पडद्यावरच्या ताळेबंदात ज्या श्रमाची किंमत कधी लिहिली नव्हती, तोच निर्मितीच्या खऱ्या ताळेबंदात सर्वांत जड ठरला. कार्यक्रम त्यानंतरही चालू राहिला, नवे कारागीर आले. जुने प्रेक्षक मात्र आजही एडच्या काळातील भागच शोधून पाहतात.

याच जातकुळीचा दुसरा कार्यक्रम 'कार एसओएस' २०१३ पासून नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीवर आहे. त्यात नफ्याची भाषाच नाही. आजारपणाने किंवा संकटाने ज्याची लाडकी गाडी अर्धवट दुरुस्तीत पडून राहिली, अशा माणसाच्या घरचे लोक गुपचूप कळवतात. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड ही जोडी काहीतरी निमित्त सांगून गाडी घेऊन जाते आणि पूर्ण करून अचानक मालकासमोर उभी करते. येथे कोणी वजाबाकी मांडत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा दुसरा कार्यक्रम पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण तो खर्च चुकीच्या खात्यावर टाकत नाही.

या परदेशी गाड्या पाहून झाल्या की नजर आपोआप घरामागच्या पडवीकडे वळते. निफाड, लासलगाव, पिंपळगाव या पट्ट्यातील जुन्या व्यापारी घरांत एके काळी मोटार म्हणजे बहुधा फियाटच असे. वर्षानुवर्षे नाव नोंदवून, वाट पाहून ती मिळे. लग्नात नवरा-नवरीला तिच्यातून आणत, सम्मेदशिखरच्या यात्रेला निघालेल्यांना तिच्यातून स्थानकावर पोहोचवत, आणि मालाच्या वसुलीसाठी तिच्यातूनच गावोगाव हिंडत. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, मग इतर आल्या, आणि फियाट ताडपत्रीखाली गेली. आजही कांद्याच्या चाळीशेजारी किंवा वखारीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी सापडते. तिच्या टपावर रिकामी पोती रचलेली असतात.

या गाडीचा जन्म ज्याच्या कारखान्यात झाला, तो पुरुष जैन व्यापारी समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. रेल्वेच्या कंत्राटांपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे जहाज, साखर, विमान, मोटार असे एकेक क्षेत्र हाती घेतले. नाशिक जिल्ह्याला त्यांची ओळख मालेगावजवळच्या रावळगावमुळे. तेथील साखर उद्योग १९३३ चा, आणि रावळगावची गोळी तर तीन पिढ्यांच्या जिभेवर आहे. मोटारींसाठी ते अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलले. परकीय सरकारने या उद्योगाला हात दिला नाही, युद्धामुळे यंत्रसामग्री मिळेना. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. प्रथम डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या, मग इटलीच्या फियाटशी करार आणि १९५४ पासून फियाट ११००. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले, त्यामुळे जी गाडी घरोघरी पोहोचली तिचा सुवर्णकाळ त्यांनी पाहिला नाही. १९७० च्या दशकात तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच राहिले.

जुन्या वस्तूच्या हिशेबाबाबत वालचंदांच्याच चरित्रातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले जहाज नवे नव्हते. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने १८९१ पासून प्रशांत महासागरात फिरलेले, नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलेले आणि पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरलेले ते जहाज होते, नाव 'लॉयल्टी'. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२३ मध्ये म्हणजे अवघ्या चार वर्षांत ते मोडीत निघाले. केवळ जहाजाचे खाते पाहणारा मुनीम त्यावर लाल शाईची रेघ ओढील. परंतु त्या जहाजाने परकीय कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रावर भारतीय मालकीची वाट उघडली, आणि त्याची जमा पुढील अनेक वर्षांच्या इतर खात्यांत पडली. जुनी वस्तू घेताना ती कोणत्या खात्यावर घेतली जात आहे, हे वालचंदांना पक्के ठाऊक असावे.

आता पडवीतल्या फियाटकडे. निफाडची हवा तिच्या बाजूने आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात नोंदले जाणारे तापमान अनेकदा राज्यात सर्वांत कमी असते, हे सर्वांना माहीत आहे. थंडी द्राक्षबागायतदाराची झोप उडवते, पण ही कोरडी हवा पत्र्याला मानवते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत ज्या वयात गाडीच्या तळाचा पत्रा हाताने तुटू लागतो, त्या वयात निफाडची गाडी पुष्कळदा सुस्थितीत असते. येथील खरा शत्रू उंदीर. धान्य आणि कांद्याच्या शेजारी उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांना धर्मशाळाच. वायरिंग कुरतडलेले, आसनांतला काथ्या उपसलेला, आणि टाकीत राहिलेले पेट्रोल आटून त्याचा डिंकासारखा चिकट थर झालेला, असे दृश्य झाकण उघडताच दिसते.

दुरुस्तीला उतरल्यावर पहिला नियम असा की किल्ली फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम फिरवले तर गंजलेल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर चरे पाडतात. प्लग काढून आत तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने हळूच फिरवून पाहावे. टाकी उतरवून धुवावी. ब्रेकचे सर्व रबर बदलावे, त्यात काटकसर करू नये. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. झाकण उघडले की प्रत्येक भाग नजरेला दिसतो आणि हाताला लागतो. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो, आणि त्याच्या जोडण्या झिजल्या की कोणता गिअर पडेल हे चालकाच्या पुण्याईवर अवलंबून राहते. सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा जुना बाजार आणि चोरबाजार धुंडाळणाऱ्याला दिव्याच्या काचेपासून दाराच्या मुठीपर्यंत पुष्कळ काही हाती लागते.

जे बाजारात मिळत नाही ते म्हणजे हात. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून, कान देऊन, इंजिनाचा श्वास जुळवणारा मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहे. दबलेल्या पत्र्याला मागून लाकूड लावून हातोडीच्या लहान ठोक्यांनी मूळ गोलाईवर आणणारा डेंटर दुर्मीळ झाला आहे. नव्या गाडीला संगणक लावून दोष वाचला जातो आणि अख्खा भाग बदलला जातो. त्या गॅरेजमध्ये शिकलेल्या मुलाला पॉइंटचा गॅप लावायला सांगितले तर तो ओशाळतो, यात त्याचा दोष नाही. जीर्णोद्धाराचे काम काढलेल्या कोणत्याही मंदिराच्या विश्वस्तांना हा अनुभव परिचित असेल. दगड मिळतो; त्यावर जुन्या घडणीची वेल उतरवणारा हात मिळवताना दमछाक होते.

केवळ हिशेबाची रीत ध्यानात यावी म्हणून एक उदाहरण मांडता येईल. आकडे कल्पित आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, एक पद्मिनी साठ हजारांना घेतली. सुटे भाग आणि टायर यांना सत्तर हजार, रंगाच्या सामानाला पंचेचाळीस हजार, आसने आणि आतील कापडाला पंचवीस हजार लागले. एकूण दोन लाख. गाडी अडीच लाखांना गेली. दूरचित्रवाणीच्या रीतीने नफा पन्नास हजार, हस्तांदोलन, समाप्ती. आता रिकामा रकाना भरू. मिस्त्रीचे चाळीस दिवस आणि डेंटर-पेंटरचे पस्तीस दिवस, रोज हजार रुपये, म्हणजे पंचाहत्तर हजार. काम चौदा महिने चालले आणि त्या काळात सरासरी एक लाख वीस हजार अडकले, तर नऊ टक्के दराने व्याज बारा हजार सहाशे. पन्नास हजारांच्या नफ्याचा सदतीस हजार सहाशेचा तोटा झाला. पडवीचे भाडे अजून धरलेलेच नाही.

अनेक घरांत हा हिशेब मांडला की वडील आणि मुलगा यांच्यात वाद सुरू होतो. एकाच्या मते गाडी भंगारात द्यावी, जागा मोकळी करावी, चार पोती जास्त मावतील. दुसऱ्याच्या मते आजोबांची गाडी विकायची नसते. गंमत अशी की गाडी भंगारात द्या म्हणणारा नेहमी तरुणच असतो असे नाही. कित्येकदा ज्याने भर उन्हात ती ढकलली आहे, तो वडीलच तिच्यावर रुसलेला असतो, आणि जो तिच्यात कधी बसलाच नाही तो नातू तिच्यासाठी हट्ट धरतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, कारण दोघे वेगवेगळ्या खात्यांतून बोलत असतात. भंगारवाला पत्रा वजनावर घेतो. त्याच्याही हिशेबात मजुरी शून्यच असते. ज्या मिस्त्रीने वीस वर्षे ती गाडी चालती ठेवली, त्याचे श्रम तो किलोच्या भावात उचलून नेतो.

मजुरीचा रकाना भरण्याची रीत पाहायची तर निफाड तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. त्याचे मूळही वालचंदांपर्यंत जाते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली, पुढे ती सरकारकडे गेली, आणि १९६४ साली ती व एरोनॉटिक्स इंडिया या कंपन्या एकत्र होऊन आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. ओझरला मिग-२१ विमाने बांधली गेली आणि दुरुस्तही झाली. हवाई दलातून ती विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली, बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर. विमानाच्या संपूर्ण दुरुस्तीत ते अक्षरशः मोकळे केले जाते, प्रत्येक भागाचे उरलेले आयुष्य तपासले जाते, कोणी कोणते काम केले त्यावर सही होते, आणि कामाचे तास हेच त्या हिशेबाचे मुख्य माप असते. तेथे हाताचे काम शून्य धरले तर विमान उडणारच नाही. फियाट विमान नव्हे, हे खरे. पण गॅरेजमध्ये एक शंभर पानी वही ठेवून मिस्त्रीने रोज काय केले, किती तास केले, कोणता भाग कोठून आला हे लिहायला काहीच खर्च येत नाही. पुढे गाडी विकायची वेळ आली तर हीच वही ग्राहकाला रंगापेक्षा अधिक पटते.

खाते कोणते, हाही प्रश्न त्यातच सुटतो. विकून कमवायचे असेल तर मजुरी, व्याज आणि जागा धरून हिशेब करावा, आणि तो जुळत नसेल तर हात लावू नये. आजोबांची म्हणून ठेवायची असेल तर ती पेढीच्या खात्यावर मुळीच येऊ नये. घरखात्यावर लिहावी आणि वर्षाअखेरीस नफा शोधू नये. बिघडते ते तिसऱ्याच ठिकाणी. गाडी हौसेने सुरू होते, मध्येच तिच्यात गुंतवणूक दिसू लागते, आणि शेवटी पेढीच्या चालू खात्यातून मिस्त्रीला उचल जाते. असा घोळ केवळ मोटारीपुरता मर्यादित नसतो, एवढे येथे नमूद करून पुढे जाणे बरे.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी गेली, त्याची तारीखही वहीत लिहिण्यासारखी आहे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची उतरली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी थंडावला होता. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता उंच इमारती आहेत. रस्त्याला प्रीमियर हे नाव तेवढे उरले आहे.

खासगी गाडीला मात्र कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या वारसा-वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा बदल न केलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढील नूतनीकरण पाच हजार. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधी नोंद झालेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अर्जासोबत विम्याची पॉलिसी आणि जुने नोंदणीपुस्तक लागते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही; प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे १९७५ साली नोंदलेल्या फियाटची पन्नाशी २०२५ मध्ये भरली, १९७९ च्या गाडीची २०२९ मध्ये भरेल. तोवर तिचे दिवे, आरसे, आतील घड्याळे जुनी आहेत तशीच ठेवावीत. हौसेने नव्या गाडीचे इंजिन किंवा आसने बसवली तर मूळपण गेले. आणि नोंदणीपुस्तक शोधून ठेवावे. बहुतेक घरांत ते आजोबांच्या लोखंडी पेटीत, जुन्या बिल्ट्यांच्या आणि पावत्यांच्या गठ्ठ्यात, लाल फीत बांधलेले असते.